आत्यानं फोनवर बांधलेला बस्ता

लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडच्या माणसांनी मिळून, एका दिवशी, एकाच दुकानात बसून घ्यायचे, याला आमच्याकडं बस्ता बांधणं म्हणतात. नवरीच्या शालूपासून भावकीतल्या शेवटच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं त्या एका बैठकीत. सकाळी जीपमधून उतरलेली पंधरा-वीस माणसं दिवस मावळताना गठ्ठे घेऊन निघतात, तेव्हा त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नसतात. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. माझ्या स्वतःच्या बस्त्यात माझी मावशी रुसून दुकानाच्या पायरीवर दीड तास बसली होती. आणि तरीही जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानाची वेबसाइट करायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा यातलं मला काही म्हणजे काहीच आठवलं नाही.

माझा धंदा असा, की वेबसाइटवर काय कुठं ठेवायचं, कशाला काय नाव द्यायचं आणि माणसाला हवी ती वस्तू न चिडता कशी सापडेल, हे ठरवायचं. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. मराठीत सांगायचं तर माहितीची मांडणी. रंग आणि चित्रं दुसरे लोक करतात. हे मी घरात पुष्कळदा समजावून सांगितलं, पण माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की मी मोबाइल दुरुस्त करतो, आणि त्या दर दिवाळीला सगळ्या भावकीतले बंद पडलेले फोन पिशवीत घालून आणतात. पुण्यात आठ वर्षं मी हे काम केलं. मग वडील गेले, आई एकटी पडली आणि मी बायको-मुलीला घेऊन जालन्याला परतलो. काम इंटरनेटवरचं, ते कुठूनही होतं. येताना पुण्याहून थोडा माजही बरोबर आणला होता. तो इथं येऊन वर्षभर तरी टिकला.

दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. त्यांची अपेक्षा साधी होती. खेड्यातल्या लोकांनी घरी बसून फोनवर कपडे पाहावेत, निवडून यादी पाठवावी, म्हणजे बस्त्याच्या दिवशी दुकानातला गोंधळ कमी होईल. मी महिनाभर खपून मांडणी केली. साड्या, ड्रेस, शर्टाचं-पॅन्टचं कापड, रेडिमेड, चादरी-टॉवेल. साड्यांच्या आत रेशमी वेगळ्या, सुती वेगळ्या. बाजूला रंगाप्रमाणे निवडायची सोय, पोताप्रमाणे निवडायची सोय, लांबीप्रमाणे निवडायची सोय. सगळ्यात शेवटी ‘इतर’ नावाचा एक कप्पा, ज्यात कुठंच न बसणारा माल ढकलून दिला होता. कुठलीही वस्तू तीन टिचक्यांत सापडायची. नवी गाडी घेतलेला माणूस विनाकारण बाहेर जाऊन तिच्यावरून हात फिरवून येतो, तसं मी ते पान दिवसातून पाच-सहा वेळा उघडून बघायचो.

लोक आले. वेबसाइटवर कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठून परत गेलं हे दाखवणारा तक्ता असतो. तो मी रोज सकाळी चहाबरोबर उघडायचो. लोक पहिल्या पानावर यायचे, खाली जायचे, वर यायचे, परत खाली जायचे आणि कशालाही हात न लावता निघून जायचे. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळेच. मी बटणाचा रंग हिरव्याचा केशरी केला. अक्षरं मोठी केली. वरचं मोठं चित्र काढून टाकलं. आठवड्याभरानं ते परत टाकलं. काही फरक पडला नाही.

शेठ एक दिवस म्हणाले, “साहेब, लोकं पायरीपर्यंत येऊन राह्यले. आत काहून न्हाई येऊन राह्यले?”

“लोकांना अजून सवय नाही शेठ,” मी म्हणालो.

आमच्या धंद्यात काही कळेनासं झालं की हे वाक्य काढतात. शेठ भला माणूस, त्यांनी मान डोलावली. गादीवर एक काका साड्यांच्या घड्या घालत बसले होते. चाळीस वर्षं त्या गादीवर बस्ते दाखवणारा माणूस. ते माझ्याकडं बघून नुसतं हसले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी आत्या पडली. माझ्या वडिलांची एकुलती एक बहीण, वाटूरजवळच्या एका खेड्यात दिलेली. कुरडया वाळत घालायला गच्चीवर चढली, उतरताना पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, घरी आणलं. दोन महिने गाडीत बसायचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तिच्या धाकट्या मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं.

मी भेटायला गेलो तेव्हा ती पलंगावर उशांना टेकून होती. पायाचं तिला काही वाटत नव्हतं. लग्न दारातच होतं, मांडवात तिला पलंगासकट नेऊन ठेवता आलं असतं. तिला एकच गोष्ट सलत होती. बस्ता जालन्याला, दुकानात, आणि ती जाणार नव्हती. तिच्या जागी मोठ्या जाऊबाई जाणार होत्या.

“माझ्या लेकीचा बस्ता मी न्हाई बांधायचा तर मंग कोणी बांधायचा?” ती म्हणाली. आवाज तिनं जरासुद्धा चढवला नाही. “थोरलीच्या वक्ताला तुझा बाप आन् मी, दोघं बसल्तो गादीवर. येक माणूस सुटलं न्हाई आमच्या हातून.”

जाऊबाई तिथंच सुपात ज्वारी निवडत होत्या. मनानं त्या चांगल्या आहेत. “अगं, मी हाय ना,” त्या म्हणाल्या. “तू यादी सांग, मी घेते बराबर.”

“यादी सांगून बस्ता व्हतो का?” आत्या म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की आत्या, तू इथून, या पलंगावरून, स्वतःच्या हातानं सगळा बस्ता बांधशील. अख्खं दुकान मी फोनमध्ये घातलंय. सांगताना माझा आवाज चांगला खणखणीत लागला होता.

तिनं मान वळवली. “खरं सांगून राह्यला का?”

“बिलकुल,” मी म्हणालो.

मी लगेच फोन उघडून तिच्या हातात दिला. आत्या काही अडाणी नाही. सकाळी भजनं लावते, नातवंडांना फोटो पाठवते, जाऊबाईंना रव्याच्या लाडवाचे व्हिडिओ दाखवून भांडते. आमच्या कामात एक पद्धत असते. माणसाच्या हातात फोन द्यायचा, काय करायचंय ते सांगायचं आणि मग गप्प बसून फक्त बघायचं. मदत करायची नाही, कारण खऱ्या वापराच्या वेळी आपण शेजारी नसतो. मी गप्प बसलो. आत्यानं चष्मा लावला. बोटानं पान खाली नेलं. वर आणलं. परत खाली नेलं. परत वर आणलं. तिनं कशालाही हात लावला नाही.

महिनाभर मी तक्त्यात जे बघत होतो ते आता समोर, नऊवारी नेसून, पलंगावर बसलेलं होतं. शेवटी मीच पद्धत मोडून विचारलं, “काय शोधतेस आत्या?”

“देवीचं कुठंय?”

“कुठल्या देवीचं?”

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. “बस्त्यात पहिलं देवीचं लुगडं निघतं रं. ते बाजूला काढलं, हळद-कुंकू वाहिलं, मंग बाकीच्याला हात लावायचा. त्याच्या आधी माणसाचं कापड कसं काढू मी?”

तिच्या सासरची देवी म्हणजे पिंपळगावची रेणुकाई. लग्न झालं की ते लुगडं घेऊन नवराबायकोनं तिकडं जायचं असतं. जाऊबाई ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या, “बराबर हाय तिचं.” नवरी स्वयंपाकघरातून आली, तीही म्हणाली, “दादा, तेवढं पहिलं टाकायला पाहिजे होतं.” ती कॉम्प्युटरची पदवीधर आहे. तिनं माझी वेबसाइट आधी पाहिली होती आणि ती पण पहिल्या पानावरून परत गेली होती, हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं.

मी घरी येईपर्यंत गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. माझ्या स्वतःच्या बस्त्यातही वडिलांनी आधी देवीचंच लुगडं काढून बाजूला ठेवलं होतं, आणि मी तेव्हा शेजारी बसून फोन चाळत होतो. म्हणजे तक्त्यातले ते सगळे लोक गोंधळलेले नव्हते. त्यांना सवय नव्हती असंही नाही. कुठल्या कुठल्या गावांत, अंगणात, ओट्यावर, शेताच्या बांधावर फोन हातात धरून ती माणसं देवीचं लुगडं येण्याची वाट बघत होती. ते आल्याशिवाय कुणाचंही बोट पुढं गेलं नाही. एकमेकांना न ओळखणारी इतकी माणसं, एकाच जागी, एकाच कारणानं थांबलेली. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि काकांसमोर गादीवर बसलो. या वेळी बूट नीट काढून. आमच्याकडं मांडणी ठरवायची आणखी एक रीत आहे. एकेका वस्तूचं नाव एकेका कार्डावर लिहायचं आणि ती कार्डं वापरणाऱ्याच्या पुढं टाकायची. तो ज्या क्रमानं लावेल, ज्याच्याशेजारी जे ठेवेल, तीच मांडणी. शर्टाच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी कार्डं केली होती. नऊवारी, सहावारी, शर्टाचं कापड, टोपी, टॉवेल, अशी. काकांनी चार-पाच कार्डं उचलली, लांब धरून वाचली आणि परत खाली ठेवली.

“हे कापड झालं साहेब. माणसं कुठंयत?”

“माणसं?”

“गिऱ्हाईक कापड मागत न्हाई. माणूस मागतंय. व्याह्याचं दाखवा, आत्याचं दाखवा, करवलीचं दाखवा. मी आधी इचारतो, गाव कोणतं आन् नवरीकडचे का नवरदेवाकडचे. मंग माझा हात बराबर जातो.”

गाव कशाला विचारता, असं मी विचारलं. ते म्हणाले, गावावरून देवी समजते, म्हाताऱ्या नऊवारी नेसतात का सहावारी ते समजतं, माणसं फेटा बांधतात का टोपी घालतात ते समजतं. तेवढ्यात एक कुटुंब आलं. मी बाजूला सरकलो. काकांनी दोन प्रश्न विचारले आणि मागं न बघता कपाटातून एक हिरवं लुगडं काढून पुढं ठेवलं. त्या घरातल्या म्हातारीनं ते हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं. मग सगळी बाकीची माणसं मांडी घालून सैल बसली. माझ्या वेबसाइटवर चौदा प्रकारच्या निवडी होत्या. मी काकांपुढं हात टेकले.

आम्ही पुठ्ठे उलटे केले आणि मागच्या बाजूला माणसं लिहिली. काकांनी ती पांढऱ्या गादीवर एकेक करून मांडली. देवी, नवरी, व्याही, विहीण, मामा, मावशी, आत्या, करवली, आणि असं करत करत घरची माणसं अगदी शेवटी. मला वाटलं होतं हा मानाचा क्रम असणार. म्हणून मी विचारलं की घरची माणसं शेवटी का.

“ज्याचं मन जल्दी मोडतं त्याचं आधी घ्यायचं,” काका म्हणाले. “दुपार झाली का लोकं दमतात. दमलं का कसंबी कापड उचलतात. मंग दमल्यावरचं कापड घरच्यानी घ्यावं. पाव्हण्याच्या अंगावर ते जाऊ नये.”

हे ते इतक्या सहज बोलले की मला वही काढायचं सुचलं नाही. आठ वर्षं मी लोकांना शिकवत होतो की पानावर महत्त्वाचं वर ठेवा आणि बिनमहत्त्वाचं खाली. कुणाचं मन किती लवकर मोडतं, यावर मांडणी करता येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुठं वाचलंही नव्हतं.

मी त्या मांडणीचा फोटो काढला, पुठ्ठे पिसले आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आत्याकडं गेलो. काकांनी काय केलं ते तिला सांगितलं नाही. तिनं गोधडीवर पुठ्ठे लावायला घेतले. तिच्या थोरलीचा बस्ता दुसऱ्या दुकानात झाला होता, काकांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. ती एकेक पुठ्ठा ठेवत गेली आणि मी फोटोशी ताडून बघत गेलो. देवी, नवरी, व्याही, विहीण. पुढं मामा, मावशी, आत्या. दोन-तीन जागा सोडल्या तर दोघांची मांडणी तंतोतंत सारखी. पुण्यात अशा एका मांडणीवर दहा शिकलेल्या माणसांचं एकमत व्हायला आम्हाला तीन-तीन महिने बैठका घ्याव्या लागायच्या, आणि तरी कुणीतरी नाराज राहायचंच. इथं काही लिहिलेलं नव्हतं, कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, आणि ते दोन डोक्यांत एकसारखं होतं. मी त्या गोधडीकडं बघतच राहिलो.

शेवटी एक पुठ्ठा तिच्या हातात राहिला. “हे कोण?”

त्यावर मी ‘इतर’ लिहिलं होतं. “म्हणजे कासारीण, कुंभारीण, वाजंत्री, पोळ्या लाटायला येणाऱ्या बाया,” मी सांगितलं. “असे सगळे एकत्र.”

“मंग कासारीण लिही की. कुंभारीण लिही,” ती म्हणाली. “लग्नात इतर कोणी नसतंय.”

तिनं तो पुठ्ठा मला परत दिला. मी तो खिशात घातला आणि चार नवे पुठ्ठे लिहिले.

आठ-दहा दिवसांत मी सगळी वेबसाइट मोडून नव्यानं बांधली. पहिल्या पानावर फक्त गाव आणि बाजू विचारायची. मग देवीचं लुगडं. ते निवडलं की माणसं एकामागून एक, काका आणि आत्यानं लावलेल्या क्रमानं. एका पानावर एकच माणूस, त्याच्यासाठी चालतील असे कपडे आणि खाली तीन बटणं. निवडा, नंतर, वगळा. यातलं ‘वगळा’ मला कुणी सुचवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं. प्रत्येक घरात प्रत्येक नातं असतंच असं नाही, मग माणूस त्या पानावर अडकून पडू नये, पुढं जायची वाट नेहमी मोकळी असावी, हा आमच्या धंद्यातला शिष्टाचार. मी तो अभिमानानं पाळला. नवी वेबसाइट सुरू झाली आणि सकाळच्या तक्त्यात लोक पहिल्या पानावरून आत शिरताना दिसायला लागले. शेठनी मला फोन करून नुसतं “आले, आले” एवढंच सांगितलं.

पण माझा खरा जीव अडकला होता आत्यात. दुकानात बसायचा दिवस चार दिवसांवर आला होता. त्याच्या आधी तिची यादी पूर्ण होऊन काकांकडं गेली, तर काका त्याबरहुकूम कपडे काढून ठेवणार होते. नाही गेली, तर जाऊबाई त्यांच्या अंदाजानं घेणार होत्या. यावर घरात सगळ्यांचं ठरलं होतं, आणि आत्यानंही ते मान्य केलं होतं.

मी दुपारी पोचलो तेव्हा ती तयार होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले. पलंगावर गोधडीऐवजी तिनं पांढरी स्वच्छ चादर घालून घेतली होती. बस्ता गादीवर होतो, आणि गादी पांढरी असते. एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला नवरी, पायाशी शेजारच्या दोघी. मी वही घेऊन भिंतीला टेकून बसलो.

तिनं गाव निवडलं, बाजू निवडली. देवीच्या पानावर हिरवी लुगडी होती. सगळी दोनदा बघून तिनं रुंद काठाचं एक निवडलं. मग ती म्हणाली, “कुंकवाचा करंडा आण गं.” नवरीनं आणला. आत्यानं दोन बोटांत हळद घेतली, कुंकू घेतलं आणि फोनच्या काचेवर, त्या लुगड्याच्या चित्रावर वाहिलं. बायकांनी हात जोडले. कोणालाही हसू आलं नाही. मला काचेची काळजी वाटायला हवी होती, पण मला रडायला आलं. इतकी वर्षं मी पानं बांधली, कंपन्यांची, बँकांची, हॉटेलांची. माझ्या कुठल्याही पानाला कुणी कुंकू लावलं नव्हतं.

पुढं ती झरझर निघाली. नवरीचा शालू लेकीशी बोलून. व्याह्याचा पोशाख जाऊबाईंशी वाद घालून. विहिणीचं पैठणी काठाचं. “तिला भडक चालत न्हाई, मी पाह्यलंय,” ती म्हणाली आणि मोरपंखी सोडून जांभळं घेतलं. कुठल्या बटणापाशी ती चुकली नाही, कुठं मागं आली नाही. मी वहीत एकही ओळ लिहिली नव्हती. चांगल्या मांडणीत माणूस मांडणीकडं बघतच नाही, आपल्या माणसांकडं बघतो, हे मी आजवर नुसतं ऐकून होतो. ते तिथं पांढऱ्या चादरीवर होत होतं.

मग मामाचं पान उघडलं.

तिचं बोट थांबलं. मी लगेच वही सावरली आणि लिहिलं, ‘मामा, इथं अडली, बटण दिसत नसावं’. तिनं पान खाली नेलं. वर आणलं. परत खाली नेलं. बराच वेळ गेला. मग तिनं फोन चादरीवर पालथा ठेवला.

“दमले मी,” ती जाऊबाईंना म्हणाली. “पुढचं तूच कर बाई.”

जाऊबाईंनी फोनला हात लावला नाही. सगळा बस्ता हातातून निसटत होता आणि मला फक्त बटण दिसत होतं. “आत्या, खाली ‘वगळा’ आहे बघ,” मी म्हणालो. “ते दाबलं की पुढचं पान येतं.”

बोलून झाल्यावर ते मला ऐकू आलं.

“वगळा?” आत्या म्हणाली. “मामाला वगळायचं?”

“तसं नाही आत्या, ते नुसतं बटण आहे. ज्यांच्या घरी मामा...” नवरीचा मामा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पान बांधलं, मामा लिहिलं, बटण बसवलं, दहा वेळा तपासलं, आणि ती जागा कुणाची आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. वहीत मी लिहिलं होतं की तिला बटण दिसत नसावं.

ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. “मामा गेला म्हणून मामाची जागा जात न्हाई बाळा,” ती म्हणाली. “पोरीला बोहल्यावर कोण घेऊन येईल? कोणाला तरी तिच्या मागं उभं राहावं लागतंय.”

तिनं फोन सुलटा केला. पानावर सगळ्यात वर धोतरजोडीचं चित्र होतं. वडील तेच नेसायचे. त्यावर तिनं बोट ठेवलं, न दाबता, नुसतं ठेवलं. मग एका बोटानं ते हळूच वर सरकवलं. शर्टाचं कापडही सरकवलं. खाली रेडिमेड होतं. एक मातकट रंगाचा कुर्ता आणि वर जॅकेट. ते तिनं निवडलं. पानानं माप विचारलं.

आत्यानं चष्मा वर ढकलला आणि मला खांद्यापासून कमरेपर्यंत नीट पाहून घेतलं.

“छाती किती तुझी?”

नवरी माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

“किती?” आत्यानं परत विचारलं.

“बेचाळीस,” मी म्हणालो.

तिनं स्वतःच्या बोटानं बेचाळीस दाबलं आणि मावशीचं पान उघडलं.